एक टोपली माती आणि वहिवाटीचा हक्क

माधवराव सप्रे यांची ‘एक टोकरी-भर मिट्टी’ ही कथा १९०१ साली ‘छत्तीसगढ़ मित्र’ या मासिकात प्रसिद्ध झाली. हिंदीतील पहिली कथा म्हणून तिला मिळणारा मान खरा की खोटा, हा वाद हिंदी समीक्षेत पुष्कळ रंगला आहे. वाङ्मयेतिहासाला अशा अग्रपूजेच्या वादांचे आकर्षण असावे, हे स्वाभाविक होय. परंतु त्या वादाच्या भरात एक गोष्ट मागे पडली. या कथेने स्वतःच एक वाद मांडला आहे, आणि तो कालक्रमाचा नसून मालकीचा आहे. जमीन कोणाची? ज्याच्या हाती न्यायालयाचा निकाल आहे त्याची, की ज्याचे जगणे आणि मरणे तिच्यात मिसळून गेले आहे त्याची? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अंगाने कथेचा विचार करावयाचा आहे. आणि ज्या प्रदेशात ती जन्मली त्या छत्तीसगढात शंभर वर्षांनंतर कायद्याने या प्रश्नाला जे उत्तर देऊ केले, ते कथेच्या शेजारी ठेवून पाहावयाचे आहे.

मराठी वाचकाला या कथेविषयी काही आपलेपणा वाटावा अशी कारणे आहेत. सप्रे मराठीभाषी होते. १८७१ साली दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी त्यांचा जन्म झाला. बिलासपूर आणि रायपूर येथे त्यांचे शालेय शिक्षण झाले. आणि १९२६ साली रायपुरातच त्यांचे निधन झाले. १९०० साली पेंड्रा येथून त्यांनी ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढले, तेव्हा संपादनात रामराव चिंचोलकर त्यांचे सहकारी होते आणि प्रकाशनाचा भार वामन बळीराम लाखे यांनी उचलला होता. ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हे ग्रंथ हिंदीत नेणारे सप्रे आपल्याकडे बहुधा अनुवादक म्हणूनच ओळखले जातात. नागपूरकर भोसल्यांच्या राज्याबरोबर छत्तीसगढात गेलेल्या मराठी वस्तीचा वारसा घेऊन त्यांनी त्या प्रदेशाच्या भाषेत लिहिले, आणि त्या प्रदेशाचे जे सर्वांत खोल दुःख त्याला पहिल्याच पिढीत हात घातला.

कथेचे वस्तू अगदी लहान आहे. एका जमीनदाराच्या वाड्याशेजारी एका गरीब, अनाथ विधवेची झोपडी असते. वाड्याचे आवार वाढवावे अशी त्याला इच्छा होते. ती अनेक पिढ्यांपासून तेथेच राहत आलेली. नवरा आणि एकुलता एक मुलगा त्याच झोपडीत गेलेले. सूनही पाच वर्षांची पोर मागे ठेवून गेलेली. ती हटत नाही, तेव्हा जमीनदार वकिलांचे हात ओले करतो आणि न्यायालयाकडून झोपडीचा ताबा मिळवितो. पुढे एके दिवशी ती टोपली घेऊन येते. झोपडी सुटल्यापासून नात जेवत नाही, आपल्या घरीच भाकरी खाईन म्हणते; तेव्हा तेथली टोपलीभर माती नेऊन तिची चूल घालावी, त्या चुलीवर भाजलेली भाकरी तरी पोर खाईल, अशी तिची विनवणी. परवानगी मिळते. माती भरल्यावर टोपली डोक्यावर चढविण्यास हात लावा, असे ती जमीनदारालाच सांगते. तो आधी रागावतो, मग दया येऊन स्वतः टोपली उचलू पाहतो, आणि ती जागची हलत नाही. विधवा म्हणते, एवढी एक टोपली तुम्हांला उचलत नाही. या झोपडीत अशा हजारो टोपल्या माती पडली आहे, तिचा भार जन्मभर कसा वाहाल? जमीनदाराचे डोळे उघडतात. तो क्षमा मागतो आणि झोपडी परत करतो.

या कथेची शक्ती तिच्या प्रतिमेत आहे हे उघड आहे. माती ही येथे प्रथम वस्तू आहे, मग चूल आहे, मग भार आहे. तिन्ही अर्थ एकाच टोपलीत, कोठेही स्पष्टीकरणाचा सोस न करता, एकामागून एक उतरतात. पण याहून अधिक लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, विधवा आपला हक्क सांगताना ‘माझे’ या शब्दावर भर देत नाही. तिचा युक्तिवाद मालकीचा नाही, भाराचा आहे. जो ही माती वाहू शकतो तिच्यावर त्याचा अधिकार, असे काहीसे तत्त्व ती न सांगता सांगते. जमीनदाराच्या बाजूने कागद आहे, परंतु त्या कागदात माती उचलण्याचे सामर्थ्य नाही.

आता या कथेची दुसरी बाजू. विधवेला जो न्याय मिळतो तो न्यायालयात मिळत नाही. कायद्याने तिला बाहेर काढले आहे, आणि कथा संपेपर्यंत कायदा आहे तेथेच आहे. तिला परत आणते ती जमीनदाराची सदसद्विवेकबुद्धी. याचा अर्थ असा की, जर तो पस्तावला नसता, तर कथेच्या जगात तिला दाद मागण्यास दुसरी जागा नव्हती. या शेवटावर भाबडेपणाचा आरोप करता येईल, आणि तो अगदीच अनाठायी नव्हे. परंतु १९०१ सालच्या छत्तीसगढचा विचार केला, तर लेखकाच्या भाबडेपणापेक्षा तत्कालीन कायद्याची रिक्तताच त्यातून अधिक प्रकट होते असे दिसेल.

ती रिक्तता कशी निर्माण झाली? १८५४ साली नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. तोवर छत्तीसगढातील गावचा प्रमुख, म्हणजे गौंटिया, हा मुख्यतः सारा गोळा करणारा होता. ठरावीक काळाने शेतांची नव्याने वाटणी करण्याची चालही अनेक गावांत होती. १८६० नंतरच्या दशकातील जमाबंदीने या सारा गोळा करणाऱ्यांना मालगुजार ठरवून जमिनीची मालकी दिली. जो मध्यस्थ होता तो धनी झाला, आणि जो कसत होता तो त्याचे कूळ झाला. जंगलाच्या बाबतीत धनी झाले ते सरकारच. १८७८ च्या वन कायद्याने राखीव वने घोषित करण्याची पद्धत बसविली. कंदमुळे, सरपण, चराई, मोहाची फुले या पिढीजात गोष्टी सवलती बनल्या, आणि सवलत काढूनही घेता येते. या अन्यायाची उत्तरे त्या प्रदेशाने वेळोवेळी दिली. १९१० साली बस्तरात भूमकाल झाला. त्या उठावाच्या नावातच भूमी आहे. १९२२ साली तत्कालीन रायपूर जिल्ह्यातील सिहावा-नगरी भागात जंगल सत्याग्रह झाला. मालगुजारी १९५० च्या कायद्याने, १९५१ पासून, संपली. पण जंगलावरील सरकारची मालकी संपली नाही. सप्रे यांच्या विधवेला कथाकाराने आदिवासी म्हटलेले नाही, आणि तिची झोपडी रानात नसून वाड्याशेजारी आहे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. तरीही तिच्या हक्काची जात तीच आहे. दीर्घ वहिवाट आहे, मृतांचे सान्निध्य आहे, चूल आहे. नाही तो फक्त कागद.

अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी यांचे वनहक्क मान्य करणारा २००६ चा कायदा या पार्श्वभूमीवर वाचण्यासारखा आहे. आणि ‘वाचण्यासारखा’ हा शब्द मी समीक्षकाच्या अर्थाने वापरीत आहे. कायद्याच्या उपोद्घातात या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली आहे. राज्यसंस्थेने आपल्याच कायद्याच्या भाषेत आपल्या पूर्वीच्या कायद्यांविषयी असे म्हणावे, ही सामान्य घटना नव्हे. सप्रे यांच्या कथेत जो पश्चात्ताप एका व्यक्तीच्या तोंडी आहे, तो येथे विधिमंडळाच्या तोंडी आला आहे, असे म्हणावयास हरकत नाही. हा कायदा हक्क ‘देत’ नाही, असलेले हक्क ‘मान्य’ करतो, ही त्याची भूमिका आहे. ‘निस्तार’ हा छत्तीसगढच्या खेड्यांतला शब्द त्याने आपल्या कलमात घेतला आहे. हक्क वारसाने पुढे जातो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. पट्टा पती आणि पत्नी या दोघांच्या नावे होतो, आणि घर एकट्या व्यक्तीचे असेल तर तिच्या नावे. सप्रे यांची विधवा रानातल्या गावात असती, तर तिच्या एकटीच्या नावे पट्टा होऊ शकला असता.

परंतु वाङ्मयाच्या अभ्यासकाने सर्वांत अधिक लक्ष द्यावे ते या कायद्याखालील नियमांतील पुराव्यांच्या यादीकडे. गॅझेटियर, जनगणना, जमाबंदीचे अहवाल, नकाशे हे पुरावे तेथे आहेतच. त्यांच्या बरोबरीने घर, झोपडी, बांधबंदिस्ती आहे. देवराई, पवित्र वृक्ष, तळी, दफनभूमी आहे. पूर्वजांपर्यंत नेणारी वंशावळ आहे. आणि दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांनी केलेले, लिहून घेतलेले कथनही आहे. म्हणजे विधवेने जमीनदाराला जे सांगितले, ते या नियमांप्रमाणे पुराव्याच्या यादीत येऊन बसते. १९०१ साली जो केवळ करुणेचा विषय होता, तो २००८ पासून अमलात आलेल्या नियमांत साक्षीचा विषय झाला. मौखिक वाङ्मयाला आपल्या काळात मिळालेली ही कदाचित सर्वांत मोठी मान्यता असेल. आणि तिची दखल साहित्यविचाराने फारशी घेतलेली नाही, हे नमूद करणे भाग आहे.

मराठी परंपरेला ही गोष्ट सर्वस्वी नवी नाही. जुन्या दप्तरांत महजर नावाचा एक लेखप्रकार आहे. वतनाचा वा शिवेचा तंटा उभा राहिला की गोतसभा भरे. पाटील, मिरासदार, बलुतेदार जमत. म्हाताऱ्यांच्या साक्षी होत. वडिलांकडून काय ऐकले ते सांगितले जाई. शिवेवरून चालून ती दाखविली जाई. क्वचित दिव्य करण्याचीही पाळी येई. शेवटी निर्णय लिहून त्याखाली साक्षीदारांच्या निशाण्या होत, आणि कुणब्याची निशाणी नांगराची असे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ पासून इतिहासाची साधने प्रसिद्ध करण्यास आरंभ केल्यावर अशा कागदांचे मोल महाराष्ट्राला कळले. तथापि महजर आपण इतिहासाचे साधन म्हणून वाचले, वाङ्मय म्हणून क्वचितच वाचले. बोलण्याचे लेखन होताना भाषेचे काय होते, अनेकांच्या आवाजांतून एक निर्णय कसा उभा राहतो, स्मरणाला साक्षीचे वजन कशाने येते, हे प्रश्न महजराच्या गद्यात उघडपणे पडलेले आहेत. ग्रामसभेपुढे वडीलधाऱ्यांचे कथन लिहून घेण्याची आजची पद्धत म्हणजे महजराचाच नवा अवतार होय. ‘वहिवाट’, ‘मिरास’, ‘शीव’ हे आपले शब्द याच व्यवहारातून आले आहेत. वहिवाट या शब्दात तर वाटेने नित्य जाण्याचाच अर्थ आहे. जो चालतो त्याची वाट.

गोंडांच्या परंपरेत हे काम परधानाकडे आहे. परधान हे गोंडांचे भाट. ते ठरावीक काळाने आपल्या गोंड यजमानांकडे जातात आणि बाणा हे तंतुवाद्य वाजवीत कुळींच्या व देवांच्या कथा गातात. शामराव हिवाळे या आपल्या मराठी संशोधकाने १९४६ साली परधानांवर इंग्रजीत एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याच्याही आधी नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी लिंगोचे गोंडी गीत टिपून ठेवले होते. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ साली, रिचर्ड टेम्पल यांनी प्रसिद्ध केले. व्हेरियर एल्विन यांनी छत्तीसगढच्या लोकगीतांचा इंग्रजी संग्रह १९४६ साली दिला. दुर्गा भागवतांचे ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ १९५६ चे. या सर्वांचे ऋण मोठे आहे. तरीही संग्रहाच्या पद्धतीचा एक परिणाम असा झाला की, गीत गावापासून सुटले. विवाहगीते, ऋतुगीते, सृष्ट्युत्पत्तीच्या कथा अशा वर्गांत ते बसविले गेले. कोणत्या शिवारात, कोणत्या झऱ्याचे नाव घेऊन, कोणत्या कुळीसमोर ते गाइले जाई, हा तपशील तळटीपेत गेला किंवा गळाला. लोकसाहित्य हे अनाम असते असे आपण म्हणत आलो. ते अनाम असेल. अस्थल मात्र नसते. ज्या गोष्टी संग्राहकाला रसहानी करणाऱ्या वाटल्या, त्या स्थळनामांच्या आणि कुळनामांच्या याद्याच हक्काच्या दृष्टीने गीताचा गाभा ठरतात.

इतर देशांत हा प्रश्न न्यायालयांपुढे अधिक उघडपणे आला. ऑस्ट्रेलियात १९६३ साली यिर्कला येथील योल्ङू लोकांनी झाडाच्या सालीवर चित्रे काढून, त्यांवर अर्ज चिकटवून, तेथील संसदेकडे दाद मागितली. त्यांच्या दाव्याचा १९७१ साली निकाल देताना न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी त्यांची कायदेव्यवस्था सूक्ष्म आणि सुघटित असल्याचे मान्य केले; परंतु जमीन कुळीची आहे असे म्हणण्यापेक्षा कुळी जमिनीची आहे असे म्हणणे सत्याच्या अधिक जवळ जाईल, असे निरीक्षण करून, याला मालमत्तेचा हक्क म्हणता येत नाही असा निष्कर्ष काढला. पुढे १९७६ चा उत्तर प्रदेशातील भूमिहक्कांचा कायदा आला (हा उत्तर प्रदेश म्हणजे ऑस्ट्रेलियाचा नॉर्दर्न टेरिटरी). त्याने पारंपरिक मालकांची व्याख्या करताना पवित्र स्थळाशी असलेले आध्यात्मिक नाते हाच एक आधार मानला. १९९२ च्या माबो खटल्यात, इंग्रज येण्यापूर्वी ती भूमी कोणाचीच नव्हती ही कल्पना तेथील उच्च न्यायालयाने टाकून दिली. कॅनडात गिट्क्सन आणि वेट्सुवेटन लोकांनी आपली कुळीगीते पुराव्यादाखल मांडली. पहिल्या न्यायालयात एका वृद्धेने गीत म्हणण्याची इच्छा दर्शविली, तेव्हा आपल्याला गाण्याचा कान नाही असे न्यायाधीशांनी सांगितले. १९९७ साली मात्र तेथील सर्वोच्च न्यायालयाने मौखिक इतिहासाला लेखी कागदांच्या बरोबरीचे स्थान देण्याचा दंडक घालून दिला.

ब्लॅकबर्न यांचे निरीक्षण सप्रे यांच्या कथेशेजारी ठेवावे. न्यायमूर्तींनी जे नाते अचूक ओळखले आणि मालमत्ता नव्हे म्हणून बाजूला सारले, त्याच नात्यावर कथाकाराने आपला शेवट उभारला आहे. माणूस जमिनीचा असतो याचा अर्थ तो तिचा भार वाहतो. भारतीय कायद्यातही या भाराची खूण आहे: हक्क विकता येत नाही, आणि हक्कधारकांना व ग्रामसभेला वन, वन्यजीव आणि पाणवठे राखण्याचा अधिकार त्याच कायद्याने सोपविला आहे. मालकीचा अर्थ वाटेल तसे करण्याची मोकळीक, असा जो सामान्य समज आहे, त्याहून ही कल्पना निराळी आहे. कथेतील टोपलीचा आशय कायद्याच्या कलमांत असा अनपेक्षितपणे आढळतो.

येथे काही आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप रसिकाचा. गीत पुरावा झाले की ते गीत राहील काय? साक्षीसाठी ते एकदा लिहिले गेले की त्याचा एकच पाठ प्रमाण ठरेल, आणि पाठभेदांवर जगणारी परंपरा गोठेल. हा धोका खरा आहे. यावर उपाय म्हणजे गीत पुराव्यापासून दूर ठेवणे हा नव्हे. पाठभेद म्हणजे असत्य नव्हे, हे निर्णय करणाऱ्यांना पटवून देणे हा होय. ते काम समीक्षकाचे आहे. ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांवर ग्रंथ लिहिणाऱ्या मराठी विद्वत्तेला हे समजावून सांगणे अवघड जाऊ नये. गीताचा अलंकार दर वेळी बदलतो, पण जाणत्या श्रोत्यांपुढे गाताना गावाची सीमा किंवा कुळीचा क्रम चुकविणे सोपे नसते. श्रोतेच तेथे पाठशोधक असतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. परंपरा म्हणजे निखळ न्याय नव्हे. बस्तरात गाव वसविणाऱ्या कुळीकडे भूमीच्या पूजेचा मान जातो. मागाहून आलेल्यांचे स्थान दुय्यम राहते. वंशावळ बहुधा पुरुषांची असते. कायद्याने आदिवासींसाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा पुरेसा मानला, पण इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची, वहिवाट दाखवावी लागते. ज्यांच्या गरिबीने कागद राखले नाहीत त्यांना ही अट जड जाते. म्हणून वडीलधाऱ्यांच्या कथनाविषयी आदर हवा, पण भाबडी श्रद्धा नको. कोण बोलले याबरोबर कोण बोलले नाही हेही वाचता आले पाहिजे. सप्रे यांच्या कथेतील वक्ती एक विधवा आहे, हे या दृष्टीने विशेष मोलाचे आहे. कोणत्याही वंशावळीत जिचे नाव शेवटी आले असते, तिनेच सर्वांत वजनदार साक्ष दिली आहे.

याच ठिकाणी कथेची मर्यादाही दिसते. तिच्यात गाव नाही. शेजारीपाजारी नाहीत, सभा नाही, दुसरा साक्षीदार नाही. एक स्त्री आणि एक जमीनदार यांच्यातच सारा व्यवहार उरकतो. पुढील मराठी वाङ्मयाने ही उणीव भरून काढली असे म्हणता येईल. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या पुस्तकात ठाणे जिल्ह्यातील वारल्यांचा १९४५ नंतरचा लढा आहे. तेथे पस्तावणारा सावकार नाही, जागी होणारी वस्ती आहे. विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’ या १९९१ च्या कादंबरीत धरणाखाली गेलेल्या गावाची वाताहत कचेऱ्यांच्या कागदांतून उलगडते. प्रथम विवेकाला आवाहन, मग संघटना, मग कागदाशी झुंज, असा हा क्रम आहे. त्यात एक चौथी पायरी गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने दाखविली. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामुदायिक हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. तेथे कागदच गावाच्या नावाचा झाला. या चौथ्या पायरीचे मोठे वाङ्मय मराठीत अद्याप यावयाचे आहे.

रायपूर ही आज छत्तीसगढची राजधानी आहे, आणि या प्रश्नाची दोन रूपे तेथे शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. नव्या राजधानीच्या परिसरात ‘पुरखौती मुक्तांगण’ हे २००६ साली उघडलेले संग्रहस्थान आहे. पुरखौती म्हणजे पूर्वजांचा ठेवा. तेथे आदिवासींची घरे, देवखांब, नृत्याच्या मूर्ती मांडलेल्या आहेत. याच शहरात १८५७ च्या १० डिसेंबरला सोनाखानचे बिंझवार जमीनदार नारायणसिंह यांना फाशी देण्यात आले. दुष्काळात व्यापाऱ्याचे धान्यकोठार भुकेलेल्यांसाठी उघडण्यावरून त्यांचा सरकारशी झगडा सुरू झाला होता. जमीनदार या शब्दाला सप्रे यांच्या कथेतल्याहून निराळा अर्थ असू शकतो, हेही त्यावरून ध्यानी येते. २०२१ च्या ऑक्टोबर महिन्यात हसदेव अरण्यातील गावांचे लोक सुमारे ३०० किलोमीटर चालून १३ तारखेला रायपूरला पोहोचले. आपल्या ग्रामसभांनी कोळशाच्या खाणींना संमती दिलेली नाही, हे त्यांना राज्यपालांना व सरकारला सांगावयाचे होते. त्याच महिन्यात परसा खाणीला केंद्राची वनविषयक अंतिम मंजुरी मिळाली. आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेपासून रायपुरात राष्ट्रीय आदिवासी नृत्य महोत्सव भरला. त्याच भागातील घाटबर्रा गावाला २०१३ साली मिळालेला सामुदायिक वनहक्क जानेवारी २०१६ मध्ये रद्द करण्यात आला होता. त्या हक्काच्या आधारे खाणीच्या कामाला अडथळा होतो, असे कारण देण्यात आले. दिलेला हक्क असा परत घेण्याची तरतूदच कायद्यात नाही, असे ग्रामस्थांचे म्हणणे होते.

या घटनांवर राजकीय निर्णय देणे हे या लेखाचे काम नव्हे. परंतु समीक्षकाला एक गोष्ट टाळता येणार नाही. नृत्य रंगमंचावर आले की त्याला संस्कृती म्हणावयाचे, आणि तेच नृत्य ज्या देवराईत होते त्या देवराईची सीमा सांगू लागले की त्याला अडथळा म्हणावयाचे, ही विभागणी वाङ्मयविचाराला मान्य होता कामा नये. आपणच लोकसाहित्याला स्थळापासून तोडून सौंदर्याचा विषय केले, तर पुढे ते स्थळ गेल्यावर गीताच्या संग्रहाने समाधान मानण्याची पाळी आपल्यावर येईल. ओडिशातील नियमगिरीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी, डोंगराशी जडलेल्या धार्मिक हक्कांचा विचार ग्रामसभांनी करावा असे सांगितले, आणि त्या वर्षी बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. तेथे डोंगराविषयीची श्रद्धा ऐकून घेतली गेली, ती पुराव्याच्या योग्यतेची मानली गेली म्हणून. ऐकून घेणारा कान तयार करणे हे साहित्याचे काम असेल, तर त्याची गरज येथे आहे.

सप्रे यांच्या कथेचे मूल्यमापन शेवटी असे करावेसे वाटते. तिचा शेवट आज आपल्याला पुरा पटत नाही. कायद्याच्या जागी पश्चात्ताप ठेवून चालत नाही, कारण पश्चात्तापाचा हुकूम कोणी देऊ शकत नाही, आणि जमीनदाराच्या जागी जेव्हा कंपनी किंवा खाते असते तेव्हा टोपलीला हात लावण्यास पुढे येणारा माणूसच तेथे नसतो. परंतु कथेतील विधवेची साक्ष मात्र जुनी झालेली नाही. घर, मृत माणसे, चूल आणि माती यांच्या आधारे हक्क सांगता येतो, हे तिने कायद्याच्या पुष्कळ आधी सांगितले. कायदा आता तिच्यापर्यंत आला आहे. तिचे बोलणे लिहून घेताना ते तिचेच राहील, कारकुनाचे होणार नाही, याची काळजी घेणे हे आपल्याकडे आलेले काम आहे.